पोटावरच्या गाठी

गेल्या दिवाळीतील गोष्ट. नरकचतुर्दशीची पहाट होती. आमचे यवतमाळ पठारावर वसलेले असल्यामुळे वऱ्हाडातल्या इतर गावांच्या आधीच इथे पहाटेचा गारठा जाणवू लागतो. घरात गिझर आहे. पण दिवाळीच्या चार दिवसांपुरता तांब्याचा बंबच पेटला पाहिजे, असा आमच्या आईचा चौऱ्याऐंशीव्या वर्षीही दंडक आहे. अंगणात बंबाचा धूर, पाटाभोवती रांगोळी, वाटीत कोमट केलेले तिळाचे तेल, उटणे, सगळे यथास्थित मांडलेले. पाटावर बसायचे तेवढे राहिले होते. आणि मी बसायला तयार नव्हतो.

“मी माझं लावून घेईन तेल,” मी म्हणालो.

बत्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारीत होतो. सौ. तेलाची वाटी हातात धरून माझ्याकडे पाहातच राहिली. आई ओसरीवरून कडाडली, “आजच्या दिवशी आपलं तेल आपण लावायचं? अजून मी जिवंत आहे म्हटलं!” त्यापुढे कोणाची मात्रा चालणार? बनियन काढून निमूटपणे पाटावर बसलो. पाठ झाली, खांदे झाले. मग सौ.चा हात पोटावर आला, बेंबीच्या डाव्या अंगाला चार बोटांवर थबकला, पुढे गेला आणि पुन्हा मागे आला. मी श्वास रोखून समोरच्या तुळशीकडे पाहात होतो. तिने काही विचारले नाही. उटणे लावले, ऊन पाणी घातले, ओवाळले, फराळाचे ताट पुढे ठेवले. दिवसभर एक अक्षर नाही.

रात्री निजानीज झाल्यावर अंधारातून तिचा आवाज आला, “किती दिवसांपासून आहे?”

“श्रावणापासून.”

“एकच?”

“तीन.”

बराच वेळ ती गप्प होती. झोप लागली असावी असे मला वाटले. मग ती म्हणाली, “माझ्याही आहेत. दोन. मागच्या उन्हाळ्यापासून.”

एका खोलीत, एका छपराखाली, पाच गाठी आणि दोन माणसे, आणि दोघांनीही एकमेकांना सुगावा लागू दिला नव्हता!

दिवाळी अंकात चकली-अनारशांच्या शेजारी हा विषय कुठे काढलात, असे काही वाचक-भगिनी म्हणतील. त्यांना एवढेच सांगतो की आपल्या मराठी घरांत वर्षातून एकदा घरच्या माणसाचा हात सर्वांगावरून फिरतो, तो याच दिवसांत. एरवी आंघोळ म्हणजे दार लावून पाच मिनिटांत उरकण्याचा कार्यक्रम. तेव्हा या विषयाला दिवाळीइतका योग्य मुहूर्त दुसरा नाही.

आता थोडे मागचे सांगितले पाहिजे. सौ.ला मधुमेह. चार वर्षांपासून इन्शुलिन चालू आहे. डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितले, आणि एकटी जात नाही म्हणून मीही तिच्याबरोबर धामणगाव रस्त्याने पहाटे फिरायला जाऊ लागलो. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तराला दुसरा उद्योग तरी काय? गोड कमी केले, रात्रीचा भात सोडला. सहा महिन्यांत सात किलो वजन उतरले, पट्ट्याला दोन भोके नवी पाडावी लागली. मित्रमंडळी म्हणू लागली, “मास्तर, तरुण झालात!” मी मनातून खूश होतो.

आणि श्रावणातल्या एका सकाळी साबण लावताना बोटाला काहीतरी लागले. भिजलेल्या हरभऱ्याएवढे. कातडीच्या खाली, इकडून तिकडे सरकणारे. घाबरून सगळे पोट चाचपले, तर बरगडीखाली दुसरी सुपारीएवढी, आणि उजव्या अंगाला तिसरी. दुखत काहीच नव्हते. मी गणिताचा मास्तर. बेरीज करायला कितीसा वेळ लागणार! गाठी अधिक उतरलेले वजन. उत्तर काय आले ते वाचकांनी ओळखले असेलच.

त्या रात्री दोन वाजता मी मोबाईल उघडून बसलो. त्याला मी साधे विचारले होते की पोटावर गाठी कशाने येतात. पाच मिनिटांत त्याने मला निरनिराळे सात-आठ रोग दाखवले, त्यांतले निम्मे असे की नाव वाचूनच घाम फुटावा. ज्या रोगाने माणूस मरत नाही त्याच्याविषयी वाचायला रात्री दोन वाजता कोण थांबतो? मीही थांबलो नाही. पुढल्या रोगाकडे गेलो.

मग डॉक्टरकडे का गेलो नाही, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर पुसदला आहे. तिथे माझे चुलतबंधू राहात. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. दहाएक वर्षांपूर्वी त्यांच्या पोटाच्या उजव्या कुशीवर एक गाठ आली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती लिंबाएवढी होती, असे त्यांनी मला पुढे सांगितले. घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. आपल्याकडे ‘गाठ’ हा शब्दच जड. तो घराबाहेर पडला की त्याच्यामागून दुसरा शब्द निघतो, आणि वरपक्षाकडची मंडळी तो दुसरा शब्द ऐकून पत्रिका परत पाठवतात. निदान दादांना तसे वाटले. “पोरीचं जमेपर्यंत बोलायचं नाही,” असे त्यांनी स्वतःशी ठरवले. जमल्यावर वाटले, लग्न होऊन जाऊ दे. लग्न झाल्यावर वाटले, पहिली दिवाळी होऊ दे. दीड वर्ष सैल सदरे घालून ते हिंडत होते. त्यांना नागपूरला नेले तेव्हा गाठ नारळाएवढी झाली होती आणि बोटाने तसूभरही हलत नव्हती. स्नायूतून उठलेला सार्कोमा, असे निदान झाले. तिथून मुंबईला टाटाला नेले. परळचे ते हॉस्पिटल १९४१ साली उघडले, आणि तेव्हापासून आपल्या भाषेत ‘टाटाला नेलं’ एवढ्या दोन शब्दांत सगळे सांगून होते. तिथल्या डॉक्टरांनी करायचे ते सगळे केले. पण छातीत पसरलेल्याला कोण काय करणार? दादा गेले. त्यांचा जावई खांद्याला होता. तो हुंदके देत मला म्हणाला, “काका, मला कळलं असतं तर मी लग्न मोडलं असतं असं वाटलं का हो त्यांना?”

हे सगळे डोळ्यांदेखत घडलेले असताना मी काय केले? सैल सदरे शिवायला टाकले! माणसाचे मन कसे चालते ते मला ह्या वयातही समजलेले नाही. दादांच्या उदाहरणाने मी शहाणा व्हायचे, ते अधिकच भ्यालो. न दाखवलेली गाठ ही अजून काहीच नसते. दाखवली की ती काहीतरी होते. एवढ्या एका तर्कावर मी श्रावण ते आश्विन काढला. आणि सौ.ने? ती म्हणाली, “तुम्ही आधीच सुकत चालला होतात. त्यात आणखी माझं कशाला?”

लक्ष्मीपूजन, पाडवा, भाऊबीज हे दिवस कसे गेले ते विचारू नका. पुण्याहून मुलगा-सून आली होती, त्यांच्यासमोर हसत होतो. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी सकाळी आठ वाजता आम्ही दोघे इथल्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन केसपेपर काढला. हे कॉलेज १९८९ साली निघाले. त्यापूर्वी जरा काही वेगळे निघाले की यवतमाळकराला सेवाग्राम नाही तर नागपूर गाठावे लागे. आता निदान पहिला हात लावून घ्यायला तरी गाव सोडावे लागत नाही.

रांग मोठी होती. शेजारच्या बाकावर घाटंजीकडचे एक शेतकरी बसले होते. साठीचे असतील. गरम होते म्हणून त्यांनी बाह्या वर केल्या, आणि मी पाहातच राहिलो. दोन्ही दंडांवर सुपाऱ्या पेरल्यासारख्या गाठी! माझी नजर पाहून ते हसले. सदरा वर करून त्यांनी पोटही दाखवले. तिथेही तेच.

“किती दिवसांपासून?” माझा आवाज खोल गेला होता.

“जवानीपासून हायेत जी. माह्या बापाले होत्या, मोठ्या भावाले हायेत. भाऊ सत्तरीचा झाला, अजून वखर हाकलते.”

“मग आज का आलात?”

“काई नाई जी, ही एक कमरेची करदोड्याखाली घासते. तेवढी काहाडून टाका म्हनलं डाक्तरीनबाईले.”

खरे सांगतो, चार महिन्यांत मला पहिला मोकळा श्वास त्या बाकावर आला. डॉक्टरांकडे अजून मी पोचलोही नव्हतो. अशा गाठी काही घराण्यांत पिढीजात चालतात हे मला मागाहून समजले.

सर्जन बाई तिशीच्या असतील. त्यांनी आधी प्रश्नच खूप विचारले. केव्हापासून, वाढली का, दुखते का, भूक कशी आहे, शौचाला काळे होते का, पूर्वी कुठे ऑपरेशन झाले आहे का. मग टेबलावर आडवे व्हायला सांगितले. दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून ऊबदार केले आणि मग पोटाला लावले. ही लहानशी गोष्ट माझ्या लक्षात राहिली आहे. गाठीच्या कडेवर त्यांनी बोट दाबले, तर गाठ ओल्या साबणाच्या वडीसारखी बोटाखालून निसटली. त्यांनी मान हलवली.

“काका, हात न टेकता नुसती मान वर उचला.”

उचलली. पोटाचे स्नायू ताठ झाले. गाठी होत्या तशाच वर दिसत होत्या, हलतही होत्या. याचा अर्थ त्यांनी मला तिथेच समजावून सांगितला. गाठ कातडी आणि स्नायू यांच्या मधली असेल तर स्नायू ताठ झाल्यावरही ती वरच राहाते. पोटाच्या आतली असेल तर ताठ झालेल्या स्नायूच्या पडद्याआड दिसेनाशी होते. स्नायूतच रुतलेली असेल तर हलायची बंद होते. मला दादांची ती न हलणारी गाठ आठवली. मग त्यांनी उभे करून खोकायला लावले. खोकल्याबरोबर गाठ बोटावर आपटली तर तो हर्निया, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या फटीतून बाहेर डोकावणारी आतली चरबी नाही तर आतडे. तो बेंबीच्या वर अगदी मधल्या रेषेवरही येतो, पूर्वीच्या टाक्यांच्या जागीही येतो, आणि पुष्कळदा निजले की आत जातो. तसला फुगवटा एखाद्या दिवशी आत जाईनासा झाला, दुखू लागला आणि उलट्या सुरू झाल्या, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही; त्याच घटकेला हॉस्पिटल.

“या चरबीच्या गाठी आहेत, काका. लायपोमा.”

“पण वजन?” मी विचारले. “सात किलो उतरलं आहे.”

“कशानं उतरलं?”

“चालतो रोज. भात सोडला.”

“म्हणजे तुम्हीच उतरवलंत ना? मग? गाठी जुन्याच आहेत. वर पांघरूण होतं, ते तुम्ही काढलंत.”

सौ. इतकी हसली की बाहेरच्या नर्सने डोकावून पाहिले. शरीराची इतर चरबी उपासाने झडते. लायपोमातली मात्र सहसा झडत नाही. ती गाठ म्हणजे घरातल्या त्या एका नातेवाईकासारखी, घरखर्चात कपात झाली तरी ज्याचे पान वाढलेलेच असते. त्यामुळे माणूस बारीक झाला की ती उलट उठून दिसते. तिचा पुढे कॅन्सर होणे हे जवळजवळ घडत नाही. भीती असते ती वेगळीच, की लायपोमा समजून आपण दुसरेच काही अंगावर वागवीत असलो तर? म्हणून जी गाठ दोन इंचांहून मोठी आहे, जी भराभर वाढते, जी कठीण आहे, खोल आहे, हलत नाही, दुखू लागली आहे, किंवा एकदा काढून पुन्हा त्याच जागी आली आहे, तिला हाताच्या परीक्षेवर सोडत नाहीत. माझी एकही तशी नव्हती. तरी सुपारीएवढीची सोनोग्राफी केली आणि तीही निर्दोष ठरली. काढून टाकू या का, असे मी विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, “दुखत नाही, घासत नाही, वाढत नाही. ती तुमचं काय घेते? वाढली तर या.” घाटंजीच्या पाहुण्यांची मात्र त्यांनी जागा बधिर करून काढली, आणि ते दुपारच्या एस.टी.ने परतही गेले.

तपासताना बाईंनी माझी बेंबी फार बारकाईने दाबून पाहिली होती. कारण विचारले तर त्यांनी एका सिस्टरची हकीकत सांगितली, ती मी घरी येऊन सविस्तर वाचली. अमेरिकेत मिनेसोटा संस्थानात रॉचेस्टर गावी सेंट मेरीज हॉस्पिटलात सिस्टर मेरी जोसेफ नावाच्या ख्रिस्ती धर्मभगिनी होत्या. मूळ नाव ज्युलिया डेम्प्सी, जन्म १८५६. प्रख्यात सर्जन विल्यम मेयो यांच्या त्या १८९० पासून १९१५ पर्यंत ऑपरेशनमधल्या पहिल्या मदतनीस होत्या. ऑपरेशनपूर्वी रोग्याचे पोट स्वच्छ करणे हे त्यांचे काम. ते करता करता त्यांच्या हाताला कळले की काही रोग्यांच्या बेंबीत एक घट्ट गाठ लागते, आणि पोट उघडल्यावर त्यांच्याच आत कॅन्सर पसरलेला सापडतो. त्यांनी ते मेयोसाहेबांच्या कानावर घातले. १९२८ साली मेयोंनी त्यावर लिहिले. सिस्टर १९३९ मध्ये वारल्या, आणि त्यानंतर दहा वर्षांनी, १९४९ साली, हॅमिल्टन बेली या इंग्रज सर्जनने आपल्या ग्रंथात त्या गाठीला सिस्टरांचे नाव दिले. आज जगभरचे वैद्यकीय विद्यार्थी ते नाव पाठ करतात. पोट पुसणाऱ्या हाताने लावलेला शोध! बेंबीतली नवी, घट्ट गाठ ही म्हणून कधी अंगावर काढू नये. बाकी बेंबीत हर्निया असतो, साधी मळाची खडीही असते. पण ते डॉक्टरने ठरवावे.

आता सौ.ची पाळी. तिच्या दोन्ही गाठी बेंबीच्या दोन बाजूंना, जरा पसरट, रबरासारख्या. बाईंनी हात लावला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “काकू, इन्शुलिन कुठे घेता?”

“इथंच. दोन्हीकडे, आलटून पालटून.”

“नेमकं याच जागी का?”

“इथं दुखत नाही म्हणून.”

“बरोबर. गाठ झाली आहे म्हणूनच दुखत नाही.”

हे ऐकून मी थक्क झालो. इन्शुलिन हे साखर उतरवणारे औषध, एवढेच मला ठाऊक. पण ते चरबीच्या पेशींना पोसणारेही आहे. एकाच जागी वर्षानुवर्षे टोचत राहिले की तिथली चरबी फुगते, जागा बधिर होते, आणि दुखत नाही म्हणून माणूस सुई पुन्हा तिथेच नेतो. त्यात सुई तीच तीच वापरली की आणखी भर. आमच्या घरी एक सुई आठ-आठ दिवस चालत असे, काटकसर म्हणून! आणि खरी गोम पुढेच आहे. अशा फुगलेल्या जागेतून औषध रक्तात नीट उतरत नाही. कधी उशिरा, कधी कमी, कधी एकदम. गेले वर्षभर सौ.ची साखर एके दिवशी तीनशे तर दुसऱ्या दिवशी पहाटे साठ. अंग घामाने भिजायचे, हात थरथरायचे, मी साखरेचे पाणी घेऊन धावायचो. आम्ही तिच्यावर चोरून गोड खाल्ल्याचा आळ घेत होतो. सून तर फरसाणाच्या डब्यामागे लाडू शोधायची. बिचारीने काही खाल्ले नव्हते. तिच्या साखरेचा हिशेब त्या दोन गाठींत अडकला होता.

इन्शुलिनचे आणि कातडीचे हे वाकडे जुनेच आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या हॉस्पिटलात लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले, तेव्हा अर्क शुद्ध नसल्यामुळे त्याच्या टोचलेल्या जागी गळू झाले होते. पुढे अर्क अधिक शुद्ध करून बारा दिवसांनी पुन्हा दिला तेव्हा गुण आला. त्यानंतर पुष्कळ वर्षे, जनावरांच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्शुलिन वापरात होते तोवर, काही रोग्यांच्या टोचल्या जागी खळगे पडत. आताच्या औषधाने खळगे क्वचितच पडतात; उंचवटे मात्र येतात.

सौ.ला लगेच वरच्या मजल्यावर फिजिशियनकडे पाठवले. कारण जागा बदलायची म्हणजे नुसती जागा बदलून भागत नाही. निरोगी कातडीतून औषध पुरे उतरते, आणि जुनीच मात्रा ठेवली तर साखर धाडकन खाली जाण्याचा धोका. त्यांनी मात्रा आधी उतरवून दिली, साखर पुन्हा पुन्हा तपासायला सांगितली, आणि पोटाचे चार भाग करून आठवड्याला एक भाग नेमून दिला. दर वेळी आधीच्या टोचणीपासून बोटभर अंतर, बेंबीपासून दोन इंच दूर, सुई दर वेळी नवी. आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयाशेजारी आता सौ.च्या पोटाचा नकाशा टांगलेला आहे, शेताच्या बांधासारख्या रेघा ओढून. पाहुणे आले की ती तो उलटा करून ठेवते. तीन-चार महिन्यांत गाठी मऊ पडत चालल्या, आणि पहाटेचा तो घामही थांबला. घरी कोणी इन्शुलिन घेत असेल तर या दिवाळीत त्यांच्या टोचण्याच्या जागेवरून एकदा बोट फिरवून पाहा, असे मात्र आवर्जून सांगावेसे वाटते.

रांगेत सौ.ला एक तरुण आई भेटली होती. सिझेरियनच्या टाक्याच्या टोकाशी तिला एक गाठ, महिन्याच्या चार दिवसांतच सुजायची आणि ठणकायची. दोन वर्षे सासूबाई म्हणत होत्या, टाका आतून पिकला असेल. ते निघाले गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचे कण. ऑपरेशनच्या वेळी ते टाक्यात रुजून बसतात आणि दर महिन्याला आपला धर्म पाळतात. ती गाठ काढून टाकता येते. पण असे दुखणे पुरुष मंडळींसमोर कोण बोलणार? म्हणून ती दोन वर्षे थांबली. तिची गोष्ट सौ.ने मला रिक्षात हळू आवाजात सांगितली, आणि लिहायला मात्र तिनेच सांगितले.

घरगुती उपायांबद्दल एक शब्द. आमच्या दिग्रसच्या आत्यांनी अशाच एका गाठीवर बिब्याचे तेल लावले होते. वऱ्हाडात बिबा हा सगळ्यांवर उतारा. दुसऱ्या दिवशी तिथे फोड, चौथ्या दिवशी जखम, आणि महिन्याभराने काळा डाग. गाठ त्याच्याखाली सुखरूप! कातडीतल्या मळाच्या गाठींना वर काळा टिपका असतो, त्या पिळायच्याही काही मंडळी मोठ्या हौशी असतात. पिळली की ती पिकते, एवढेच निष्पन्न होते.

हे सगळे झाल्यावर मी एक मास्तरी उद्योग केला. सुश्रुतसंहितेचे मराठी भाषांतर वाचनालयातून आणले. निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात मेदाची ग्रंथी वर्णन केली आहे. गुळगुळीत, मोठी, फारशी न दुखणारी, आणि फुटली तर पेंडीसारखा नि तुपासारखा मेद बाहेर टाकणारी. पेंड म्हणजे आमच्या वऱ्हाडी भाषेत ढेप. घाटंजीच्या पाहुण्यांना ही उपमा लगेच पटली असती. त्याच अध्यायात पुढे अर्बुदही आहे: वाटोळे, स्थिर, खोल मुळाचे, सावकाश वाढणारे, न पिकणारे. हलणारी ग्रंथी आणि न हलणारे अर्बुद. इतक्या शतकांपूर्वी त्या वैद्याने बोटांनी जे वेगळे केले, तेच त्या सोमवारी सर्जन बाईंच्या बोटांनी केले. एका ठिकाणी मात्र सुश्रुताचार्यांचे आणि आमच्या बाईंचे पटत नाही. शरीर वाढले की ही ग्रंथी वाढते आणि शरीर झडले की झडते, असे आचार्य म्हणतात. माझ्या पोटाचा कौल बाईंच्या बाजूने आहे.

यंदाची तयारी चालू आहे. परवा बंब घासून काढला. सौ. तेलाची बाटली घेऊन आली तेव्हा मी आईला हा सगळा वृत्तांत पहिल्यांदा सांगितला. वर्षभर तिच्यापासून लपवला होता, उगाच तिच्या जिवाला घोर नको म्हणून. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “एवढंच ना? माझ्या पाठीवर आहे की एक. चाळीस वर्षं झाली. तुझ्या वडिलांना ठाऊक होती.”

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहातच राहिलो.

“आई, दाखवली का नाहीस कधी?”

“कोणाला दाखवायची? दुखत तर नाही.”

“हल्ली वाढली का?”

“पाठीवरची मला कशी दिसणार? थोडी वाढली असेल.”

मी म्हटले, उद्याच जाऊ. रांगेत मी उभा राहातो, केसपेपर मी काढतो. तर म्हणते कशी, “आता कुठं? दिवाळी होऊन जाऊ दे!”